मागच्या बाकड्याची कैफियत

चारही चाकांना जोर देणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या निर्मात्यांस अनावृत पत्र

लोहारा, जिल्हा धाराशिव

सन्माननीय महोदय,



नाशिक, चाकण, आकुर्डी, पिंपरी या परिसरात ज्यांचे कारखाने आणि दप्तरे आहेत, आणि ज्यांच्या जाहिरातींत डोंगर, दऱ्या, वाळवंटे व उधळणारे जलप्रवाह यांखेरीज दुसरी भूमी सहसा दिसत नाही, अशा आपणा सर्व निर्मात्यांस हे पत्र लिहिणारा मनुष्य ज्या तालुक्यात राहतो, तेथे डांबर सोडून खाली उतरणे हा सुटीच्या दिवसाचा छंद नसून शेताकडे, वस्तीकडे आणि कित्येकदा दवाखान्याकडे जाण्याचा एकमेव मार्ग आहे. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते की चाक फिरते, पण गाडी जागची हलत नाही. आपण ज्याला ‘ऑफ-रोड’ म्हणून गौरविता, त्याला आम्ही पाणंद म्हणतो आणि तिच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करतो.

या जातीच्या वाहनाशी आमचा परिचय जुना आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबादच्या पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, भारतीय सेनेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला आणि ती उमरग्याच्या दिशेने पुढे गेली. त्या सेनेमागोमाग मामलेदारांची जीप आली, विकास गटाची जीप आली, देवीची लस टोचणाऱ्यांची आली. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारीसह आमच्या तालुक्यातील सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त केली, तेव्हा भर पावसाच्या चिखलातून माणसे व औषधे घेऊन जी वाहने पोचली, त्यांतही जीपच पुढे होती. तेव्हा उंच, मजबूत आणि चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीविषयी या भागात जी श्रद्धा आहे ती जाहिरातीने निर्माण केलेली नाही. अनुभवाने आलेली आहे. माझी तक्रार अशी की, त्या श्रद्धेचा मोबदला आपण अजून पुरता दिलेला नाही.

आपली गाडी आमच्याकडे कशी वापरली जाते, हे प्रथम सांगितले पाहिजे. शहरात गाडी पुढून भरते: चालक बसतो, शेजारी त्याची पत्नी बसते, मागे झालेच तर एखादे मूल. आमच्याकडे ती मागून भरते. तुळजापूरच्या दर्शनाला, उमरग्याच्या लग्नाला, सोलापूर किंवा लातूरच्या रुग्णालयाला निघताना सर्वांत मागे, समोरासमोरच्या दोन बाकड्यांवर, पोरेसोरे, तरणी मुले आणि घरातल्या सुना गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मधल्या आसनावर वडीलधारी मंडळी. आणि पुढे चालकाशेजारी घरातला जो कर्ता पुरुष असेल तो. म्हणजे ज्यांचे वय, बळ आणि घरातील शब्दाचे वजन सर्वांत कमी, ते सर्वांत मागे. आणि आपण गाडीत बसविलेली संरक्षणाची साधने सर्वांत अधिक तेथे, जेथे वजनदार माणसे बसतात. हा योगायोग आपण ठरवून घडवून आणला असे मी म्हणत नाही. पण तो आहे, आणि या पत्रातील माझे मुख्य कलम तेच आहे.

आपण आपल्या गाड्यांना मिळालेली तारांकने अभिमानाने मिरविता, आणि काही अंशी तो अभिमान योग्यच आहे. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली तेव्हा प्रौढांच्या संरक्षणासाठी तिला एकही तारा मिळाला नव्हता. २०२० साली नव्या थारला चार मिळाले, २०२२ च्या डिसेंबरात स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले, आणि २०२४ साली भारत एनकॅपच्या परीक्षेत थार रॉक्सलाही पाच मिळाले. सहा वर्षांत शून्यावरून पाचांवर येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. आपल्या अभियंत्यांच्या बुद्धीला मी मनापासून दाद देतो. परंतु त्याच २०२४ साली, त्याच घराण्यातील आणि आमच्यासारख्या ग्रामीण गिऱ्हाइकासमोर ठेवलेल्या बोलेरो निओला ग्लोबल एनकॅपने एकच तारा दिला आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरविला, तेव्हा प्रश्न असा उरतो की, जी विद्या हाती आली आहे ती आधी कोणाच्या गाडीत उतरते आणि कोणाच्या गाडीत मागाहून.

पण त्याहूनही महत्त्वाची बाब निराळीच आहे. समोरून धडक देण्याच्या त्या परीक्षेत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळविली जाते. पुढच्या दोन आसनांवर प्रौढ माणसांच्या आकाराचे पुतळे असतात आणि मधल्या रांगेत लहान मुलांच्या आसनांत दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या बालकांचे. तिसऱ्या रांगेत कोणीही नसते. ज्या जागी आमच्या घरातील अर्धी माणसे बसतात, ती जागा परीक्षेच्या वेळी रिकामी असते, आणि मिळालेले तारे मात्र अख्ख्या गाडीच्या कपाळावर लागतात. ताशी ६४ किलोमीटरने आदळणे म्हणजे साधारण १६ मीटर उंचीवरून, पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका आघात; तो आघात बाकड्यावर आडव्या बसलेल्या, कसलाही पट्टा नसलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या मानेवर व कण्यावर कसा उतरतो, हे कोणत्याही तारांकनात लिहिलेले नाही. आणि गाडीत नऊहून अधिक माणसांची सोय असेल, म्हणजे आमच्या रस्त्यांवर नित्य दिसणारी तेरा आसनी जीप असेल, तर ती भारत एनकॅपच्या कक्षेतच येत नाही.

आडव्या बाकड्यांची ही कथा कायद्यातही अशीच अर्धवट राहिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमाने सीटबेल्ट लावण्याची सक्ती केली ती चालकाला, पुढच्या प्रवाशाला आणि मागील ‘समोर तोंड असलेल्या’ आसनांवरील प्रवाशांना; आडवे बसणाऱ्यांविषयी नियमाने मौन पाळले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मागच्या आसनावर पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा काही आठवडे साऱ्या देशाला मागच्या पट्ट्याची आठवण झाली. पण ती गाडी जर्मन कंपनीची होती आणि तिच्या मागच्या आसनाला निदान पट्टा तरी होता. युरोपीय संघाने २००५ च्या आदेशाने नव्या प्रवासी मोटारींतील आडवी आसने बंद केली. आपल्याकडे २०२० च्या नव्या थारची आडव्या आसनांची सहा आसनी आवृत्ती काही काळातच विक्रीतून गेली, म्हणजे ही गोष्ट करता येते हे आपण स्वतःच दाखवून दिले आहे. मग ती सर्वत्र का होऊ नये? आपल्याकडून पहिली मागणी ही: ज्या गाडीत माणसाने बसावे असे आपल्याला वाटते, त्या गाडीतील प्रत्येक आसन समोर तोंड करून असावे आणि प्रत्येकाला तीन बिंदूंचा पट्टा असावा. हा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी सिद्ध केला, आणि कंपनीने त्याचा एकाधिकार इतर निर्मात्यांना मोकळा करून दिला. साठाहून अधिक वर्षे फुकट मिळत असलेली ही वस्तू शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचायला एवढा विलंब का व्हावा, याचा खुलासा कोणा तरी जबाबदार माणसाने करावा.

यावर आपण काय उत्तर द्याल ते मला ठाऊक आहे. सात आसनांच्या गाडीत पंधरा माणसे तुम्हीच कोंबता, टपावर धान्याची पोती तुम्हीच टाकता, आणि दोष आम्हाला देता! आक्षेप रास्त आहे. मी स्वतः अशा गाड्यांतून प्रवास केला आहे आणि ‘सरका जरा, अजून दोघं मावतील’ हे वाक्य ऐकून सरकलोही आहे. पण लांबलचक, सपाट, कोणतीही खूण नसलेले बाकडे तयार करून त्यावर चारच माणसांनी बसावे अशी अपेक्षा धरणे हे काही मनुष्यस्वभावाचे ज्ञान नव्हे. वेगळी, आकार दिलेली, पट्टा असलेली आसने जेथे असतात तेथे माणसे आपोआप मोजली जातात. गर्दीचा सगळा दोष गिऱ्हाइकाचा नाही. काही भाग तिला आवतण देणाऱ्या बाकड्याचाही आहे.

आता टपाकडे वळू, कारण माझ्या मते आपल्या गाड्यांचा सर्वांत गंभीर धोका वरच्या दिशेने आहे. गाडी उंच असली की खड्डे दिसतात, चिखल लागत नाही आणि मालकाची मान ताठ राहते. पण गुरुत्वमध्यही वर जातो. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेची सरकारी संस्था दोन चाकांमधील रुंदीच्या अर्ध्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून एक अंक काढते. साध्या मोटारींसाठी हा अंक बहुधा १.३ ते १.५ असतो आणि मोठ्या उंच गाड्यांसाठी १.० ते १.३, अंक जितका लहान, तितकी गाडी पलटी खाण्याची शक्यता अधिक. वर चार पोती आणि एक खाट चढली की तो आणखी घसरतो. गाडी घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी ईएससी नावाची यंत्रणा १९९५ पासून मोटारींत आहे, आणि अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून ती सर्व हलक्या वाहनांना सक्तीची केली. ती आपल्याकडेही उपलब्ध आहे. फक्त पुष्कळदा ती अशा आवृत्तीत असते, जिच्यात छताला उघडणारी काचही घ्यावी लागते. दुसरी मागणी म्हणून हे लिहून घ्यावे: ईएससी सर्वांत स्वस्त आवृत्तीत द्या, आणि पलटी खाण्याचा तो अंक रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत दारावर मराठीत छापा.

एका विक्रीदालनात मी मागच्या आसनांच्या पट्ट्यांविषयी विचारले, तेव्हा तेथील सौजन्यशील तरुणाने मला दहा मिनिटे समोरचा पडदा दाखविला आणि त्यावर गाणी कशी लावावीत ते समजावून सांगितले. त्याचा दोष नाही. त्याला जे शिकविले तेच त्याने सांगितले.

शिक्षणाचीच गोष्ट निघाली म्हणून माझी तिसरी तक्रार मांडतो, आणि ती यंत्राविषयी नसून त्याच्या कीर्तनाविषयी आहे. चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी सुरक्षित झाली, असा एक सार्वत्रिक समज या भागात रूढ आहे, आणि आपण तो दूर करण्याऐवजी पोसला आहे. चारही चाकांचा जोर गाडीला पुढे नेण्याच्या कामी येतो. थांबविण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. ज्या गाडीत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नसतो, ती कोरड्या डांबरावर चारही चाकांच्या जोराने चालविली तर वळणावर यंत्रणेला पीळ बसतो आणि सुकाणू जड होते. तरी ‘पकड जास्त राहते’ म्हणून उमरग्याच्या महामार्गावर तशीच गाडी हाकणारे चालक मी पाहिले आहेत. कित्येक गाड्यांत लो गिअर टाकताच ईएससी आपोआप बंद होते, हे त्यांपैकी बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. आणि एबीएसविषयी तर उलटेच सांगितले जाते. ती यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळविता येते. हा तिचा मोठा गुण. पण सुट्या खडीवर किंवा मुरुमावर जाम झालेल्या चाकापुढे खडीचा जो बांध साचतो व गाडीला अडवितो, तो एबीएसमुळे साचत नाही आणि थांबण्याचे अंतर वाढू शकते. हे वाक्य इंग्रजी पुस्तिकेच्या कोपऱ्यात बारीक टाइपात असून भागत नाही. आमचा चालक ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीसकट हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवतो आणि गाडी विकताना तशीच पुढच्या मालकाला देतो.

जाहिरातींतील पाण्याविषयी मात्र मला अधिक कठोर बोलले पाहिजे. थारची पाणी ओलांडण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते आणि ती खोटी नाही. पण ती साचलेल्या, संथ पाण्याची गोष्ट आहे, आणि तिचा संबंध इंजिनाच्या श्वासाशी आहे. वाहते पाणी निराळे. अमेरिकेची हवामान संस्था जो इशारा देते त्याप्रमाणे सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी बहुतेक वाहनांना, उंच गाड्यांसह, वाहून नेऊ शकते. म्हणजे जो आकडा आपण पराक्रम म्हणून छापता, त्याहून कमी खोलीत गाडी तरंगू लागते. तेरणेच्या काठची आणि ओढ्यांवरच्या फरशी पुलांची वाट ज्यांना पावसाळ्यात रोज तुडवावी लागते, २०२० च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यापुढे फेसाळत्या पाण्यात गाडी घालणाऱ्या नायकाचे चित्र ठेवणे हे मला निव्वळ अतिशयोक्तीचे काम वाटत नाही. त्यात बेजबाबदारी आहे. असे चित्र दाखवायचेच असेल तर त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, वाहत्या पाण्यात गाडी घालू नये असे लिहावे. माझी इच्छा विचाराल तर ते चित्रच काढून टाकावे.

टायरांविषयी थोडक्यात. २००० च्या ऑगस्टात अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागविले. ते मुख्यतः फोर्डच्या एक्स्प्लोरर या मोठ्या गाडीला लागत, उष्णता, वेग व कमी हवा यांच्या संयोगाने त्यांचा वरचा थर सुटे आणि गाडी पलटी खाई. दोनशेहून अधिक माणसे त्यात दगावली. त्यातून तेथे कायदा झाला आणि पुढे टायरमधील हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे ठरले. मराठवाड्याच्या मे महिन्यातील डांबर, टपावरचा भार आणि चिखलातून निघण्यासाठी कमी करून पुन्हा न भरलेली हवा, हे तिन्ही घटक आमच्याकडे एकत्र येतात. ते यंत्र मूळ आवृत्तीतच द्या.

समोरच्या लोखंडी गार्डाविषयी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना पत्र पाठवून मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये बंदीची आठवण करून दिली होती. तरी गार्ड विकले जातात, आणि काही ठिकाणी नव्या गाडीबरोबर शुभेच्छा म्हणून बसवून दिले जातात. गार्डामुळे धक्का सांगाड्यापर्यंत व संवेदकापर्यंत ज्या रीतीने पोचायला हवा त्या रीतीने पोचत नाही, आणि एअरबॅग वेळेवर उघडेलच याचा भरवसा राहत नाही. हीच गत सीटबेल्टचा गजर बंद करणाऱ्या क्लिपांची. त्यांची विक्री थांबवावी म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ साली पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना हुकूम द्यावा लागला. आपल्या विक्रेत्यांना या दोन गोष्टींविषयी आपण लेखी ताकीद द्यावी. त्याला नवे यंत्र लागत नाही की नवा पैसा.

आतापर्यंत जे लिहिले ते गाडीच्या आत बसणाऱ्यांचे गाऱ्हाणे झाले. बाहेरच्यांचेही एक आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ साली असे दाखविले की, ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच, म्हणजे सुमारे मीटरभर वर असते, त्यांची पादचाऱ्याला धडक बसली तर त्याचा मृत्यू होण्याची शक्यता बुटक्या व उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. आमच्या गावांना पदपथ नाहीत. शाळा सुटली की मुले डांबराच्याच कडेने घरी जातात, आणि मीटरभर उंचीची ती कड पहिली-दुसरीतल्या मुलाच्या छातीशी किंवा डोक्याशी येते. या उंच, भिंतीसारख्या नाकाला आपण ‘रुबाब’ म्हणता. तो थोडा कमी झाला तर गाडी चिखलातून कमी निघेल असे कोणी अभियंता सांगणार नाही. तसेच रात्री आपल्या गाड्यांचे दिवे समोरच्या दुचाकीस्वाराच्या नेमके डोळ्यांत जातात. आणि गळिताच्या हंगामात तो दुचाकीस्वार आंधळा होतो त्याच क्षणी त्याच्यापुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते. ट्रॉलीचा दिवा ही आपली जबाबदारी नव्हे, ती साखर कारखान्यांची व ट्रॅक्टरमालकांची. त्यांच्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल. पण आपोआप ब्रेक लावणारी जी यंत्रणा आपण आता महागड्या गाड्यांत देऊ लागला आहात, ती पट्टे न मारलेल्या रस्त्यावर, अंधारात, दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या मागे कशी वागते, हे तपासून जाहीर करणे ही मात्र आपलीच जबाबदारी आहे.

महोदय, आपण दरवर्षी नव्या गाड्या लडाखच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत नेऊन पाहता. यंदाच्या पावसाळ्यानंतर, गळीत सुरू झाल्यावर, एक गाडी लोहाऱ्याला आणावी, ही माझी शेवटची दरखास्त. तिच्यात आपल्या अभियंत्यांना बसवावे, पण पुढे नव्हे. सर्वांत मागे, आडव्या बाकड्यावर, गुडघ्याला गुडघा लावून. माकणीच्या धरणाकडून सास्तूरपर्यंत आणि तेथून जेवळीपर्यंत त्यांना संध्याकाळच्या वेळी फिरवावे. वाटेत चहापाण्याची तजवीज आम्ही करू. नंतर त्यांनी जे काही लिहून द्यावेसे वाटेल ते मराठीत लिहून द्यावे, आणि तो कागद तालुक्याच्या ग्रंथालयात सर्वांना वाचता येईल असा लावण्याची परवानगी असावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लोहारा तालुक्यातील एक वाहनधारक,
ज्याच्या घरातील मंडळी अद्याप मागेच बसतात